बिनओरखड्याचा हात

यादोराव रहांगडाल्यांनी गाडी आमच्या स्टॉलसमोर आडवी लावली, उतरले, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ मला म्हणाले, "बाई, मांगं ये जरा. हे पाय."

मी रेडियमचं कटर खाली ठेवलं आणि गाडीच्या मागे गेले. डिक्कीवर मोनोग्राम नव्हता. कंपनीचा तो चकचकीत बिल्ला जिथं चार वर्षं चिकटून होता तिथं त्याच्याच आकाराचा उजळ ठसा राहिला होता, बाकीची गाडी उन्हानं थोडी फिकी पडलेली. यादोरावांनी ठशावरून अंगठा फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. गुळगुळीत. ना ओरखडा, ना खरवड, ना गोंदाचा कण.

"गोंदसुद्धा पुसून गेला हरामखोर," ते म्हणाले. "आता तूच सांग, अख्ख्या गोंदियात असा हात कोनाचा हाये?"

उत्तर माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं, पत्र्याच्या पाटीवर. 'गुलाब रेडियम आर्ट, मुर्री रोड. पेंटला ओरखडा न येता मोनोग्राम काढून व लावून मिळेल. ओरखडा आल्यास गाडी रंगवून देऊ.' ती शेवटची ओळ लिहू नका म्हणून मी नव्याण्णव सालीच भांडले होते. एवढा ताठा बरा नाही, उद्या कोणी घरूनच गाडी खरवडून आणेल, म्हटलं. पण गुलाबला पटेल तर शपथ. हो, मी नवऱ्याचं नाव घेते. 'आमचे हे, आमचे हे' करत बसले तर सांगायचं राहूनच जाईल. तेरा वर्षांत त्या ओळीपायी एकही गाडी रंगवावी लागली नव्हती, आणि आता तीच पाटी आमच्या गळ्याशी आली होती.

महिन्याभरातली ही तिसरी गाडी. आधी एका डॉक्टरांची, मग एका ठेकेदाराची. दोन्ही उभ्या गाड्या, दिवसाढवळ्या, आणि दोन्हींचा रंग जसाच्या तसा. गावात भुरट्या चोऱ्या काय कमी होतात? पण भुरटा चोर मोनोग्राम उपटतो. स्क्रू ड्रायव्हर घालतो, रंगाचा टवका उडवतो आणि पळतो. हा चोर सोडवून नेत होता. म्हणून लोक चोराचं नाव घेत नव्हते, कौतुक केल्यासारखं आमच्या स्टॉलकडे बघत होते. पानठेल्यावर मी गेले की बोलणं थांबायचं.

गुलाब तेव्हा रेडियमचे रोल आणायला बाजारात गेला होता. यादोराव माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. त्यांची राईस मिल आहे, शब्दाला वजन आहे, ठाण्यात ओळख आहे. आणि मी एक वाक्य बोलून बसले. आजही वाटतं, त्या वेळी जीभ दाताखाली आली असती तर बरं झालं असतं.

"त्यायचा हात आता पयल्यासारखा नाई राहिला, सेठ," मी म्हटलं. "थरथरते. वरीसभर झालं, मोनोग्रामचं काम ते घेतच नाईत."

सपशेल खोटं. परवाच त्यानं एका जीपची सगळी अक्षरं बदलून दिली होती.

यादोरावांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "थरथरते म्हंतेस? बरं. मी इतवारी येतो. सबके सामने काढून दाखवू दे. थरथरला हात, तं मी हात जोडून माफी मागीन. नाई थरथरला, तं मंग ठाण्यात बोलू."

गाडी गेली. मी स्टॉलमध्ये येऊन कटर उचललं आणि पहिलंच अक्षर उलटं कापलं.

आता खरं ते सांगते. मी खोटं बोलले ते नवऱ्यावर विश्वास होता म्हणून नाही. नव्हता म्हणून. विश्वास असता तर म्हटलं असतं, माझा माणूस असलं करत नाही, जा कुठं जायचं ते. मला ते म्हणता आलं नाही.

संशय काय एका दिवसात येतो? गुलाब मुळातच मुखदुर्बळ. दिवसाला मोजून पंचवीस वाक्यं बोलणारा, त्यातली वीस गिऱ्हाइकाशी. पण त्या महिन्यात तो दुपारी सायकल काढून निघून जायला लागला. कुठं, तर "आलोच". येऊन पाणी पिणार आणि भिंतीकडे बघत बसणार. शेजारच्या धुरपताबाईनं मला नळावर गाठलं आणि आवाज उतरवून सांगितलं की, तिच्या लेकानं गुलाबला डॉक्टरांच्या गाडीमागे उकिडवं बसलेलं पाहिलं. "मी तं कोनाले नाई सांगतलं बाई," म्हणाली. म्हणजे सगळ्या मुर्रीला सांगून झालं होतं.

यादोराव येऊन गेले त्या दिवशी, बाजारातून आल्यावर तो आंघोळीला गेला आणि मी त्याची पत्र्याची पेटी उघडली. तेरा वर्षांच्या संसारात कधी उघडली नव्हती. आत केस वाळवायचं जुनं मशीन, मासे धरायचा नायलॉनचा बारीक दोरा, कागदी टेप, मऊ फडकी. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोनोग्राम. अकरा. मी एकेक हातात घेऊन बघितला. काही जुनाट, काही अगदी नवे वाटणारे. चोरीचा कोणता आणि गिऱ्हाइकानं टाकून दिलेला कोणता, हे मला कसं कळणार? पुडकं पुन्हा जसं होतं तसं बांधलं. चोर तो असेल की नसेल, पण त्या घटकेला चोरासारखी मी बसले होते.

तो बाहेर आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जुने मोनोग्राम कायले ठेवता? तो म्हणाला, "कामात येतात." झालं. एवढंच. मला त्याचा असा राग आला की भाजीत मीठ दोनदा पडलं.

यादोरावांचं सगळं मी त्या संध्याकाळी जेवताना सांगितलं. माझं खोटंही सांगितलं, कारण ते लपवता येणार नव्हतं. तो घास हातात धरून थांबला.

"काऊन सांगतलंस असं?"

"तुमाले वाचवाले."

"कशापासून?"

मी भाताचं पातेलं उगाच इकडचं तिकडं केलं.

"तुले वाटते मीच हाय," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. तो शब्द आला नाही. मोनाली, आमची मुलगी, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत जेवत होती. गुलाबनं घास खाल्ला, पाणी प्यायला, ताट उचलून स्वतः मोरीवर नेलं. मग दारातून विचारलं, संघदीप इकडे शेवटचा कवा आलता?

संघदीप माझा भाऊ. पाठचा, पण आता बत्तीस वर्षांचा बाप्या. माझं लग्न झालं त्यानंतर दोन वर्षं गुलाबच्या हाताखाली राहिला होता, पुढं भाड्याच्या गाड्या चालवायला लागला, नागपूर-गोंदिया करायचा. चोरखमाऱ्याला, माझ्या माहेरच्या गावी, माझी आई सुलोचनाबाई एकटी असते, तिचं सगळं त्याच्यावर. मी फणकारले. माझ्या भावाचं इथं काय काम? आपल्या अंगावर आलं की बायकोच्या माहेरकडे बोट दाखवायचं, ही कुठली रीत? गुलाब म्हणाला, "नाई, असाच विचारलो," आणि बाहेर जाऊन बसला.

रविवारी दहा वाजता यादोराव आले. सोबत ठेकेदार होता, डॉक्टरांचा ड्रायव्हर होता आणि तमाशा बघायला मुर्री नाक्यावरचे वीस-पंचवीस लोक. धुरपताबाई तर पिवळी साडी नेसून आली होती, जशी काही कोणाची सोयरीक होती. संघदीपही आला. भाऊजींच्या बाजूनं कोणीतरी पाहिजे म्हणून आलो, म्हणाला, आणि लोकांच्या मागे खिशात हात घालून उभा राहिला. मला बरं वाटलं.

यादोरावांनी गाडी मागे वळवून लावली. दरम्यान त्यांनी नागपुरात कुठंतरी नवा मोनोग्राम बसवून घेतला होता. तो वाकडा होता. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा डावीकडे झुकलेला, पण गुलाबनं पहिल्यांदा तेच पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. अब्रूचा पंचनामा चालला होता आणि या माणसाला मोनोग्राम वाकडा असल्याचं दुःख.

"हाच काढ," यादोराव म्हणाले, "आन सरळ करून लाव. सगळ्यायसमोर."

गुलाब गुडघ्यावर बसला. ओल्या फडक्यानं आधी धूळ पुसली, कारण धुळीचा कणही रंगावर घासला जातो. मोनोग्रामच्या चारी बाजूंनी कागदी टेप लावली. मशीन सुरू करून गरम हवा दिली, मधूनमधून हाताची पालथी बाजू टेकवून बघत. हाताला सोसवते तेवढीच ऊब, त्यावर नाही. मग दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि खालून वर ओढायला लागला. बाकीचे लोक वरून खाली ओढतात, गुलाब खालून वर. त्यामुळे सुटलेला मोनोग्राम खाली पडत नाही, हातात येतो. दोरा मागेपुढे, मागेपुढे. मी त्याच्या हाताकडे बघत होते. इतका स्थिर हात! आता संपलं, मी मनात म्हटलं, हा एवढा स्थिर हात घेऊन हा माणूस ठाण्यात जाणार. थरथर की रे, बाबा, एकदा तरी थरथर.

अर्धा मोनोग्राम सुटला. गुलाबनं मान वर केली. माझ्याकडे नाही, लोकांच्या मागे बघितलं, संघदीप उभा होता तिथं. बघितलं म्हणजे नुसतं बघितलं. रागानं नाही की काही नाही. मीही वळून पाहिलं. संघदीपनं खिशातून हात काढले होते आणि तो अंगठ्यानं तर्जनी चोळत होता, गोळी वळावी तशी.

गोंद असाच काढायचा असतो. राकेलनं पुसला की जुन्या रंगाची चमक जाते, म्हणून गुलाब अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या वळतो आणि झटकतो. कंटाळवाणं काम, अंगठा सोलवटतो. दुसरा कोणी करत नाही. एकालाच त्यानं ते शिकवलं होतं, आणि त्याची सवय हाताला इतकी लागली होती की, रिकामा बसला तरी त्याचा अंगठा चालायचा. यादोरावांचं 'गोंदसुद्धा पुसून गेला' तेव्हा मला ऐकू आलं होतं, पण मी एकाच माणसाकडे संशयानं बघत होते ना!

आणि गुलाबचा हात थरथरायला लागला. दोरा निसटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा निसटला. लोकांत कुजबुज झाली.

"अल्का," तो म्हणाला, "ते पट्टी दे."

रेडियम कापायची स्टीलची पट्टी. तेरा वर्षांत त्यानं रंगाजवळ लोखंड आणलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असला तर त्यालाही दोन पावलं लांब उभं करायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, नुसता हात पसरून बसला होता. मी पट्टी दिली. सांगते ना, मी माझ्या हातानं दिली.

पट्टी कोपऱ्यातून आत गेली, हात हलला, आणि कर्र असा बारीक आवाज झाला. टेपच्या पलीकडे दोन बोटं लांब पांढरी रेघ. धुरपताबाई "अगो माय" म्हणाली. यादोराव वाकले, रेघेवरून अंगठा फिरवला. आपलीच गाडी, पण त्यांना रागावता येईना.

"खरंच गेला गा तुहा हात," ते म्हणाले.

"हो जी," गुलाब म्हणाला.

पुढं त्यानं मोनोग्राम काढून घेतला, गोंद चोळला, नवी चिकटपट्टी कापली आणि मोनोग्राम पुन्हा लावला. एव्हाना लोक पांगायला लागले होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मी पाहिलं. टेपच्या खुणा धरून त्यानं तो एकदाच टेकवला आणि दाबला. काटेकोर सरळ. थरथरत्या हाताला ते जमत नाही, हे तिथं कोणाच्या ध्यानात आलं नाही. ओरखडा पाहिल्यावर माणूस बाकीचं बघत नाही.

ओरखडा आल्यास गाडी रंगवून देऊ, असं पाटीवर लिहिलेलं होतं, म्हणून गुलाबनं गाडी ठेवून जा म्हटलं. यादोरावांनी ऐकलं नाही. शब्दाला जागले, सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, माफ कर. आणि माणूस भला असल्यामुळं त्यांनी पुढचा महिनाभर जिथं तिथं सांगितलं, की बिचाऱ्या गुलाबचा हात गेला हो, चांगला कारागीर होता. त्यांच्या संशयानं आमचं जेवढं बिघडलं नव्हतं तेवढं त्यांच्या दयेनं बिघडलं.

दुपारी घरी मी दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. कवापासून माहीत होतं, विचारलं.

त्यानं सांगितलं ते असं. डॉक्टरांच्या गाडीचं ऐकलं तेव्हाच तो बघायला गेला. ठशाच्या खालच्या कडेला धुळीत, दोरा खालून घातल्याची पुसट खूण दिसली, गोंदाच्या गोळ्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या. मग ठेकेदाराची गाडी पाहिली. तिथंही तेच. संघदीपला दोनदा शोधायला गेला, तो नागपूरला असायचा. नागपुरात कबाडीकडे असल्या ओरिजनल मालाला गिऱ्हाईक असतं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुहा भाऊ हाय. मी सांगतलो असतो तं तुले खरं वाटलं असतं?"

नसतं वाटलं.

"तुहं खोटं तं तोंडून निघून गेलतं," तो म्हणाला. "हात नाई थरथरला असता तं मी गेलो असतो, नाई तं त्याचं नाव सांगा लागलं असतं. तुह्या मायले कोन पायलं असतं मंग?"

"पन तुमचा हात जी," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मोनोग्राम कोनी चोरला त्याचं मले काई नाई वाटलं, अल्का. तुले मी वाटलो, त्याचं वाटलं." असं तो मला संसारात एकदाच बोलला. त्यानंतर कधी त्यानं तो विषय काढला नाही, आणि मला वाटायचं की काढावा, भांडावं, ताट आपटावं, काहीतरी करावं.

संघदीपला मी दुसऱ्याच दिवशी स्टँडवर गाठलं. काय काय बोलले ते सांगत नाही, भर रस्त्यात बोलले. त्यानं एकही शब्द नाकारला नाही. म्हणाला, "भाऊजीनं पट्टी मांगतली तवाच मी मेलो, ताई." म्हटलं, तू मेला नाहीस, मेला तो तुझ्या भाऊजीचा हात. तो गाडी सोडून चोरखमाऱ्याला आईजवळ जाऊन राहिला, तिथं ट्रॅक्टर चालवतो. चोऱ्या थांबल्या. लोक म्हणाले, चोर घाबरला असेल.

आमच्याकडे मोनोग्रामचं काम येणं बंद झालं. नंबर प्लेट यायच्या, 'आईचा आशीर्वाद' यायचा, ते सगळं मी कापत होते. गुलाब बाजूला बसून कागद सोलायचा. दसरा आला. दसऱ्याला दरवर्षी नव्या गाड्यांची रांग लागायची. त्या वर्षी रांग पुढच्या चौकातल्या दुकानापुढे होती, आणि तिथला पोरगा वरून खाली दोरा ओढत होता. गुलाब इथूनच ते बघत बसायचा आणि अधूनमधून नकळत मान हलवायचा.

दिवाळी सरल्यावर एक शिक्षक आले, देवरीकडचे. जुनी गाडी घेतली होती, तिच्या डिक्कीवर आधीच्या मालकाच्या गावाचं नाव पितळी अक्षरात चिकटवलेलं होतं. ते काढून हवं होतं. पुढच्या दुकानात गर्दी होती म्हणून इथं आले, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"ओरखडा तं नाई ना पडनार?" त्यांनी विचारलं. "नाई म्हंजे, लोक काई काई बोलतात."

तेरा वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मी कात्री ठेवली आणि गुलाबकडे पाहिलं. पूर्वीचा असता तर गिऱ्हाइकाला सरळ चालतं केलं असतं.

"जपून करतो जी," तो म्हणाला.

गुरुजींचं समाधान झालं नाही. गुलाब गुडघ्यावर बसला तसे तेही वाकले आणि अक्षरांच्या बाजूला, रंगावर, आपला तळहात पसरून ठेवला, रंग झाकून घ्यायला. गुलाबनं एकदा त्या हाताकडे पाहिलं. हात काढा, असं तो म्हणाला नाही. त्या हाताला धक्का लागणार नाही असं त्यानं एकेक अक्षर खालून वर सोडवलं, गोंदाच्या गोळ्या वळल्या, फडकं फिरवलं. अर्धा तास गेला. गुरुजींनी हात उचलला, चष्मा वर करून डिक्की जवळून पाहिली, बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. कुठं काही होतं हेसुद्धा कळत नव्हतं.

"नशीब चांगलं होतं आज," गुरुजी हसत म्हणाले.

"हो जी," गुलाब म्हणाला, आणि त्यांची पितळी अक्षरं कागदात बांधून द्यायला लागला.